चार चकत्या

माझा भाऊ वेडा आहे, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आले. त्यामुळे दुसऱ्या कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो हक्क माझा. मी त्याची थोरली बहीण, चांगली आठ वर्षांनी मोठी. त्याचं नाक पुसलंय मी.

धंद्याने तो पत्रेकाम करणारा. ठोकर खाल्लेल्या गाड्या त्याच्याकडे येतात. आत गेलेला पत्रा हातोडीने बाहेर काढायचा, घासायचा, रंग द्यायचा. काम असं की गाडीला कुठे लागलं होतं ते मालकालाही सापडू नये. एवढ्यावर माणसाने सुखाने राहायला काय हरकत होती? पण बारा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात हवा शिरली. हे मी थट्टेने म्हणत नाही. तो दिवसरात्र हवेचाच विचार करायला लागला. "ताई, गाडी रस्त्यावर पळते असं आपल्याला वाटतं," तो म्हणायचा, "खरं तर ती हवा ढकलत पुढे जाते. निम्मं पेट्रोल त्या ढकलाढकलीत जळतं. हवेला नीट वाट करून दिली तर?"

मग सुरू झाले उद्योग. आमच्या टॅक्सी स्टँडवर त्याचं नावच पडलं, वाऱ्या.

मी भाड्याची गाडी चालवते, एकवीस वर्षं झाली. त्यामुळे प्रयोगाला पहिली गाडी कुणाची? माझीच. पुढच्या बंपरखाली त्याने रबराची पट्टी लावली, म्हणजे हवा गाडीच्या पोटाखाली घुसू नये. पोटाखाली जिथे नळ्या, सळया, खाचाखोचा असतात तिथे सपाट पत्रा ठोकला. मागे डिकीच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी आली. हे सगळं चालतंय की नाही ते बघायची त्याची रीत तर बघण्यासारखी. लोकरीचे बोटभर तुकडे करायचे, चिकटपट्टीने गाडीभर लावायचे. मग मी गाडी चालवायची आणि त्याने शेजारून दुसऱ्या गाडीतून बघत यायचं. दोरा मागे सरळ झोपला म्हणजे हवा सुरळीत जातेय. दोरा थरथरला किंवा उलटा फिरला म्हणजे तिथे हवा गिरक्या घेतेय. आमची गाडी अशी लाल केसाळ होऊन रस्त्याने निघाली की पोरंटोरं मागे धावायची. आणि ती लाल लोकर कुठली? तर मी दोन महिने खपून त्याच्यासाठी विणलेला स्वेटर त्याने उसवला होता! महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

शेजारच्या गाडीत त्याच्या बाजूला माझी लेक बसायची, हातात वही घेऊन. दहा वर्षांची होती तेव्हापासून. कुठला दोरा कसा हलला, लीटरला किती किलोमीटर पडले, सगळं तिच्या अक्षरात. मामा म्हणजे तिचा देव. मी काही सांगितलं तर हजार प्रश्न, मामा म्हणाला तर ते खरंच. बावीस वर्षांची झाली, टॅक्सीचा परवाना हातात आला, तरी वही सुटली नाही. माझी गाडी लीटरला अठरा द्यायची ती एकवीस द्यायला लागली, तेव्हा दोघांनी वर्कशॉपमध्ये अक्षरशः फेर धरला होता.

आता चाकांचं सांगते. सगळं तिथेच घडलं.

फिरणारं चाक हवा फार घुसळतं, म्हणून त्याने चारी चाकांवर ॲल्युमिनियमची गुळगुळीत झाकणं बसवली. प्रत्येक झाकणाला सहा फटी ठेवल्या. का? तर चाकाच्या आत ब्रेक असतात, ब्रेक दाबले की ते तापतात, आणि त्यांना गार करायला वारा लागतो. फटींतून तो जाणार. हिशेब चोख होता. पण साठच्या वर वेग गेला की त्या फटी शीळ घालायच्या. एकसारखी, बारीक, कानात सुई घातल्यासारखी. उतारू विचारायचे, "बाई, गाडीत काही बिघडलंय का?" स्टँडवरचे लोक म्हणायचे, "आली बघा वाऱ्याची बासरी." मी ऐकून घेणारी नाही. तडक वर्कशॉपमध्ये गेले आणि म्हटलं, "त्या फटी बंद कर."

"नाही होणार," तो म्हणाला. माझ्या भावाने मला नाही म्हटल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मी त्याला दोन दिवस छळलं. तिसऱ्या दिवशी त्याने चार गोल चकत्या करून आणल्या, एकेका चाकाला एक. तीन स्क्रू नाण्याने फिरवले की चकती फटींवर बसते, उलटे फिरवले की निघते. "सपाट रस्त्यावर लाव," तो म्हणाला. "पण घाट आला की चढ सुरू व्हायच्या आधी थांबायचं, चारी चकत्या काढायच्या, डिकीत टाकायच्या. आणि ताई, गाडीला आता हवा अडवत नाही, म्हणून उतारावर ती जास्तच पळणार. ब्रेक जास्त लागणार. चकत्या बंद राहिल्या तर आत भट्टी होईल, ब्रेकच्या तेलाला उकळी फुटेल आणि पेडल पोकळ जाईल. शपथ घे."

मी शपथ घेतली. लेक तेव्हा तिथे नव्हती, तिच्या वहीत हे कधी गेलंच नाही. दोन महिने इमानेइतबारे थांबले, वाकले, चकत्या काढल्या. मग एकदा पाऊस होता, नाही काढल्या. काही झालं नाही. मी घाट खालच्या गिअरमध्येच उतरते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो, ही माझी जुनी सवय. मग पुढच्या वेळीही नाही काढल्या. मग ते डोक्यातूनच गेलं. चार महिने त्या चकत्या चाकांवर होत्या आणि माझ्या भावाला वाटत होतं, ताई काढते.

त्या दिवशी सकाळी पायरीवरून माझा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. आणि नेमकं त्याच दिवशी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळवाल्या काकांना घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, अकराची वेळ दिलेली. लेक म्हणाली, "आई, मी नेते की. परवाना काय शोभेला काढलाय?" तिने याआधी त्या घाटातून गाडी दोनदा उतरवली होती, दोन्ही वेळा मी शेजारी बसून. मी हो म्हटलं. काकांना घ्यायला जाता जाता तिने मला वर्कशॉपच्या दारात सोडलं, कारण घरी एकटी बसून मी चिडचिड करणार हे तिला माहीत होतं. भाऊ मागच्या बाजूला एका गाडीखाली आडवा झाला होता. त्याला गाडी दिसलीच नाही.

अर्ध्या तासाने तो हात पुसत बाहेर आला. मला चहा दिला, पायाखाली स्टूल सरकवलं.

"भाची कुठे?"

"घड्याळवाल्यांना घेऊन गेली. घाटापलीकडे."

"एकटी? वा!" तो खूश झाला. चहाचा घोट घेतला आणि सहज, अगदी सहज विचारलं, "चकत्या काढल्यात ना?"

कप हातात तसाच राहिला.

"ताई?"

"मी तिला सांगितलंच नाही," मी म्हटलं. "चकत्या आहेत हेच विसरले होते. मी चार महिने काढल्या नाहीत रे."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. कप ठेवून त्याने फोन उचलला. मी म्हटलं, नाही उचलणार ती. गाडी चालवताना फोन कप्प्यात टाकायचा, वाजला तरी बघायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी कुणी खिळवलं होतं? मीच. त्याने तीन वेळा लावला. मग घाटमाथ्यावरच्या चहावाल्याला लावला. सगळे टॅक्सीवाले तिथे थांबतात, त्याचा नंबर प्रत्येकाकडे असतो.

"ताईंची गाडी?" चहावाल्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. "आत्ता गेली की. पाच मिनिटं झाली असतील. पोरगी चालवत होती. थांबली नाही, नुसता हात केला."

भावाने मला जवळजवळ उचलूनच त्याच्या व्हॅनमध्ये टाकलं. ही व्हॅन म्हणजे सामान वाहायचं खोकं, समोरून कपाटासारखी सरळ. सगळ्या गावाच्या गाड्या याने गुळगुळीत केल्या, स्वतःची तशीच ठेवली. सत्तरच्या वर ती जाईना, नुसती थरथरत होती. मी तोंडाला येईल ते बोलत होते. त्याला शिव्या घातल्या, व्हॅनला घातल्या, हवेला घातल्या. "तुझे हे धंदे! तुला कुणी सांगितलं होतं चाकं झाकायला?" तो समोर बघून चालवत होता. एकदाच म्हणाला, "तिच्यामागे पळायला माझ्याकडे काही नाही ताई. पळणारी गाडी तीच आहे."

माथ्यावर पोचायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. चहावाला रस्त्यात उभा होता. त्याने काही सांगायच्या आधीच मी विचारलं, "खालून काही कळलं का?" त्याने नकारार्थी मान हलवली. उतार सुरू झाला आणि मी ओरडले, "पळव!" भावाने मात्र गिअर खाली टाकला. व्हॅन रांगायला लागली.

"अरे, पळव म्हणते ना!"

"आपले ब्रेक गेले तर तिच्यापर्यंत कोण पोचणार?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "गप्प बस ना जरा, ताई. हात जोडतो."

मी गप्प बसले. कुणी सांगितलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच बसले असेन. सात वळणांचा घाट आहे तो, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. पहिलं वळण, दुसरं वळण, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या वळणावर रस्त्यावर टायरचे काळे पट्टे दिसले, जोरात ब्रेक मारल्याचे. चौथ्या वळणावर पट्टे नव्हते. मला वाटलं, बरं झालं. भावाचा चेहरा मात्र पांढरा पडला. पट्टे नाहीत म्हणजे ब्रेक लागतच नाहीयेत, हे मला मागाहून समजलं.

त्या वळणाच्या पुढे रस्त्याच्या मधोमध चाकाचं एक झाकण पडलं होतं, चकतीसकट. भावाने व्हॅन थांबवली, उतरला, ते उचललं आणि लगेच टाकलं. हात भाजला होता. पायाने ते बाजूला सारून तो परत येऊन बसला. पाचव्या वळणावर डोंगराच्या कडेचा मातीचा बांध लांबवर खरवडलेला होता आणि त्या मातीत आमच्या गाडीचा निळा रंग लागला होता. मी डोळे मिटून घेतले. मला पुढचं बघायचं नव्हतं.

"ताई," भाऊ म्हणाला. "ताई, बघ."

सहाव्या वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. आमची गाडी त्यात नाक खुपसून उभी होती. पुढच्या चाकांतून धूर येत होता. आणि माझी पोर शेजारी दगडावर बसून घड्याळवाल्या काकांना पाणी देत होती.

माझा जीव भांड्यात पडला म्हणणं फार कमी आहे. सुजलेला पाय विसरून मी पळाले. ती मला बिलगली आणि मग रडायला लागली. मला सोडेचना. "आई, ब्रेक गेले. पेडल पार खाली गेलं, काहीच लागेना. मग मला तुझं आठवलं. आधी गिअर खाली टाक, हँडब्रेक हळूहळू ओढ, नाहीच जमलं तर डोंगराला घासत ने. तू शिकवलंस म्हणून वाचलो गं आई."

तिच्या प्रत्येक शब्दाने माझं तोंड आणखी बंद होत होतं.

मग तिला मामा दिसला. तो गाडीपाशी उकिडवा बसून चाकं बघत होता. "मामा, ब्रेक का गेले?" तिने विचारलं. त्याने उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलं. एकदाच, अगदी थोडंसं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"माझी चूक," तो म्हणाला. "झाकणांना वारा कमी पडला. माझा अंदाज चुकला."

"अंदाज?" ती ओरडली. "काका मागे बसले होते, मामा! त्यांचा जीव गेला असता. माझा गेला असता. तुझा अंदाज?" आणखी बरंच बोलली. माझीच मुलगी ती, जिभेला हाड नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. आणि मी, जी चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेते ती मी, मूग गिळून उभी राहिले.

काकांना भावानेच व्हॅनमधून दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याने वर्कशॉप बंद ठेवून ज्या अकरा गाड्यांना झाकणं बसवली होती त्या एकेक गाठल्या. त्या झाकणांच्या फटी उघड्याच होत्या, चकत्यांचे लाड फक्त माझे होते. तरीही त्याने प्रत्येक झाकण काढून घेतलं. लोकांनी विचारलं का, तर सगळ्यांना तेच सांगितलं, माझा अंदाज चुकला. एवढी गोष्ट पसरायला वेळ लागतो का? स्टँडवर चर्चा सुरू झाली, वाऱ्याने भाचीलाच दरीत घातली होती. माझ्यासमोर म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे, बाई आता फाडून खाईल म्हणून. मी पायाची पट्टी नीट करत बसायचे.

पाचव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, चल, मामाकडे जायचंय." मला वाटलं, राग गेला. वर्कशॉपमध्ये गेल्यावर तिने पिशवीतून ती जुनी वही काढली, बारा वर्षांची, कडा झिजलेली, आणि त्याच्या समोर टाकली.

"ही ठेव तुझ्याकडे. मला यात काही लिहायचं नाही आता. आणि तू हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही."

त्याने वही उचलली, बाहीने पुसली आणि फळीवर ठेवली. भाजलेल्या हाताला पट्टी होती. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "पाय कसा आहे ताई?"

बस्स. तिथे माझा बांध फुटला. रडण्याचा नव्हे, बोलण्याचा.

"याची काही चूक नाही," मी म्हटलं. "याने फटी ठेवल्या होत्या. मी भांडून बंद करून घेतल्या. याने मला शपथ घातली होती की घाटाआधी चकत्या काढ. मी काढल्या नाहीत. तुला सांगितलंही नाही. त्याला हे तू निघाल्यानंतर कळलं. आणि त्या दिवशी घाटात मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही. तू माझ्या गळ्यात पडून माझे आभार मानत होतीस गं. मला ते सोडवलं नाही."

भाऊ पुटपुटला, "जाऊ दे ना ताई." मी त्याच्यावर खेकसले, "तू गप्प रहा!"

मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. तिने आवाज चढवला नाही. "किती दिवस?" तिने विचारलं.

"काय किती दिवस?"

"किती दिवस न काढता उतरत होतीस?"

"चार महिने."

ती तिथल्या स्टुलावर बसली. मग उठून तिने फळीवरची वही घेतली, पान उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या दिवसाची तारीख टाकून लिहायला लागली. मामाला एकेक विचारत होती. चकत्या किती जाडीच्या, झाकण कुठल्या वळणावर निघालं, चाक कुठपर्यंत काळं पडलं. तो सांगत होता, ती लिहीत होती. लिहिता लिहिता तिचे डोळे वाहत होते आणि ती ते मनगटाने पुसत होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

मी स्टँडवर जाऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. ते काही फार अवघड गेलं नाही. स्टँडवर मी कुणाला भीत नाही.

पुढे झाकणं परत बसली, माझ्या गाडीलाही. फटी मोठ्या केल्यात आणि चकती लावायला जागाच ठेवलेली नाही. साठच्या वर गेलं की शीळ वाजते. उतारू विचारतात, गाडीत काही बिघडलंय का? मी म्हणते, काही नाही, ब्रेकला वारा लागतोय.

गाडी आता आम्ही दोघी आलटून पालटून चालवतो. तिच्या पाळीला ती सकाळी किल्ली घेते, दारापर्यंत जाते आणि थांबते.

"आई, काही सांगायचं राहिलंय का?"

पहिल्या दिवशी मी चटकन म्हटलं होतं, नाही गं. ती हलली नाही. तशीच दारात उभी राहिली, किल्ली मुठीत धरून. शेवटी मी पोळपाट बाजूला सारला, खाली बसले आणि नीट आठवायला लागले. मागच्या डाव्या टायरची हवा. डिकीचं कुलूप अडकतं. वायपरचं रबर निघालंय. तिने सगळं ऐकून घेतलं, मग गेली.

अजूनही रोज विचारते. आणि मी रोज बसून आठवते.